ब्राउझरमध्ये एफटीपीची लिंक उघडत नाही: सर्व्हर बिघडलेला नाही, मग करायचं काय?

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे ती मला नीट कळली आहे का ते तुम्हाला बघता येईल. संस्थेचा एफटीपी सर्व्हर (एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत) बरीच वर्षं चालू आहे आणि वेबसाइटवर त्याची लिंक आहे. लोक ती दाबायचे, फोल्डरची यादी दिसायची, हवी ती फाइल घ्यायचे. काही ठरावीक मंडळींना वेगळं लॉगिन करायला लागू नये म्हणून युजरनेम आणि पासवर्ड आत घातलेलीच लिंक दिली होती. शिवाय प्रयोगशाळेतलं एक जुनं मोजमापाचं यंत्र रोज त्याच सर्व्हरवर आपल्या फायली टाकतं. आता लिंक दाबली की कुणाकडे काहीच होत नाही, तर कुणाकडे ‘ही लिंक कशात उघडू?’ असं विचारणारी चौकट येते. सर्व्हर रीस्टार्ट करूनही फरक पडला नाही. म्हणून तुम्ही विचारताय, की ब्राउझरमध्ये एफटीपी परत चालू करायची सेटिंग कुठे असते, आणि नसेल तर एका कॉम्प्युटरवर जुना ब्राउझर ठेवून द्यावा का.

सेटिंग आता नाही. जुना ब्राउझर ठेवू नका. आणि सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट करू नका, त्याला काहीही झालेलं नाही.

क्रोमने जानेवारी २०२१ मध्ये ८८व्या आवृत्तीत एफटीपी सगळ्यांसाठी बंद केलं. तेव्हा एक आडबाजूची सेटिंग बदलून ते परत चालू करता यायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ९५वी आवृत्ती आली आणि तो कोडच निघाला. फायरफॉक्सने एप्रिल २०२१ मध्ये बंद केलं (आवृत्ती तिथेही ८८च, निव्वळ योगायोग) आणि जुलैमध्ये ९०व्या आवृत्तीत काढून टाकलं. एज आता क्रोमच्याच गाभ्यावर चालतो, त्यामुळे तिथेही तीच गत. सफारी अशी लिंक स्वतः न उघडता मॅकच्या फाइंडरकडे, म्हणजे फायली बघायच्या प्रोग्रामकडे, सोपवतो. ‘अमुक सेटिंग चालू करा, एफटीपी सुरू होईल’ असं सांगणारे लेख अजून सापडतात, ते सगळे त्या मधल्या काही महिन्यांतले आहेत. त्यांच्या नादी लागून संध्याकाळ घालवू नका.

सर्व्हर ठीक आहे याची खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. विंडोजवर फाइल एक्सप्लोरर उघडा आणि वरच्या पट्टीत तीच लिंक टाका. किंवा कमांड प्रॉम्प्टवर कर्ल हा प्रोग्राम वापरा. २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये तो आलेलाच असतो, मॅक आणि लिनक्सवरही सहसा असतोच. फोल्डरची यादी आली की समजा, एफटीपी जागेवर आहे, फक्त ब्राउझरने ते बोलणं सोडलंय.

इथेच तुमचा प्रश्न जरा बदलतो. ‘ब्राउझरमध्ये एफटीपी कसं चालवायचं’ हे विचारून हाती काही लागणार नाही. या सर्व्हरवर कोण येतं, काय न्यायला किंवा ठेवायला येतं, आणि त्यांच्याकडे ब्राउझरखेरीज दुसरं काही आहे का, हे शोधावं लागेल. तुमच्याच वर्णनात तीन वेगळे गट दिसतात: खुल्या फायली नेणारे, स्वतःच्या खात्यात लॉगिन करणारे, आणि ते यंत्र. आजवर एकच सर्व्हर तिघांना पुरला म्हणून तिघांची गरज एक वाटते, पण तसं नाही. तिघांसाठी एकच उपाय शोधत बसलात तर जो मिळेल तो तिघांनाही गैरसोयीचा असेल.

उपायाकडे जाण्याआधी ब्राउझरवाल्यांनी हे का केलं ते थोडं सांगतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरूनच ठरतो.

एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या आराखड्यांची क्रमांक दिलेली कागदपत्रं). तो लिहिला अभय भूषण यांनी, एमआयटीत असताना. हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. आज इंटरनेट ज्यावर चालतं ते टीसीपी-आयपीसुद्धा तेव्हा नव्हतं. सध्याचे सर्व्हर जो आराखडा पाळतात तो १९८५ चा, आरएफसी ९५९. त्या काळात नेटवर्कवर मोजकी यंत्रं होती, ती विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत होती, आणि मधल्या तारेवर कुणी कान लावून बसेल ही भीती आराखड्यात शिरलेलीच नाही.

त्याचा अर्थ काय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वायरशार्क हा नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारा प्रोग्राम लावून स्वतःचंच एक लॉगिन पकडा. सर्व्हर आधी २२० क्रमांकाचं स्वागत पाठवतो. तुमच्याकडून ‘यूझर’ हा शब्द आणि पुढे नाव जातं. सर्व्हर ३३१ म्हणतो, म्हणजे आता पासवर्ड सांगा. पुढच्या ओळीत ‘पास’ हा शब्द आणि त्यापुढे तुमचा पासवर्ड, जसाच्या तसा, वाचता येईल अशा अक्षरांत. मग २३०, लॉगिन झालं. हे उलगडायला कसलंही कौशल्य लागत नाही. वाटेतल्या कुठल्याही राउटरवर, कुणाच्याही मोफत वायफायवर तो वाचता येतो. फायलींचंही तेच. वाटेत कुणी फाइल बदलली तर घेणाऱ्याला कळायचा काही मार्ग नाही.

दुसरी गोम जोडणीची. एचटीटीपीत, म्हणजे वेबपानं ज्या पद्धतीने येतात तिच्यात, एकाच कनेक्शनवर मागणी जाते आणि त्यावरूनच उत्तर येतं. एफटीपीत २१ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं क्रमांक दिलेलं दार) फक्त बोलणं होतं, फाइल किंवा यादी आणायला प्रत्येक वेळी वेगळं कनेक्शन लागतं. मूळ पद्धतीत हे दुसरं कनेक्शन सर्व्हर उलट तुमच्याकडे उघडतो. आज जवळजवळ प्रत्येक जण राउटरच्या मागे असल्यामुळे ते दारातच अडतं. म्हणून पॅसिव्ह पद्धत वापरतात. त्यात सर्व्हर २२७ हा क्रमांक आणि त्यापुढे सहा आकडे सांगतो, उदाहरणार्थ १९२, १६८, १, १०, १९५, ८०. पहिले चार म्हणजे आयपी पत्ता. शेवटच्या दोनांतून पोर्ट काढायचा: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५०,०००. आता तुम्ही १९२.१६८.१.१० च्या ५०,००० या पोर्टवर जायचं.

पण हा पत्ता तर घरातल्या नेटवर्कचा. बाहेरच्या माणसाला तो काय कामाचा? म्हणून मधल्या राउटरला किंवा फायरवॉलला हे संभाषण चोरून वाचावं लागतं, आतला पत्ता खोडून बाहेरचा घालावा लागतो आणि तेवढ्यापुरता तो पोर्ट उघडावा लागतो. ‘लॉगिन होतं, पण यादी येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. हे सहा आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्यातून ब्राउझरमधलं एफटीपी नेहमी अर्धवटच होतं. क्रोमला किंवा फायरफॉक्सला कूटबद्ध एफटीपी, म्हणजे एफटीपीएस, कधीच येत नव्हतं. क्रोममधून फायली फक्त घेता यायच्या, ठेवता यायच्या नाहीत. फोल्डरची यादी कशा स्वरूपात पाठवायची हे मूळ आराखड्यात ठरवलेलंच नाही. युनिक्स सर्व्हर एका तऱ्हेने पाठवतो, विंडोज दुसऱ्या तऱ्हेने, आणि ब्राउझरने अंदाजाने अर्थ लावायचा. अनोळखी सर्व्हरकडून आलेल्या मजकुराचा अंदाजाने अर्थ लावणारा, फार थोडे लोक वापरतात असा, कुणी फारसा हात न लावलेला कोड. सुरक्षेचं काम बघणाऱ्या माणसाला तो नकोच असतो. म्हणून तो पायरीपायरीने गेला. आधी वेबपानांच्या आत एफटीपीवरची चित्रं आणि फायली घालणं बंद झालं. मग क्रोमने एफटीपीवरची फाइल खिडकीत दाखवणं सोडलं, फक्त डाउनलोड ठेवलं. २०२० च्या वसंतात ८१व्या आवृत्तीत एफटीपी बंद करून झालं होतं, पण महासाथीच्या काळात कुणाची माहिती अडू नये म्हणून ते काही महिन्यांपुरतं परत चालू केलं.

निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे. मात्र तो राबवताना वापरणाऱ्याचा विचार कमी झाला. लिंक दाबल्यावर काहीच न घडणं यासारखा वाईट निरोप नाही. एक ओळ दाखवली असती तरी तुमच्यासारख्या लोकांचा सर्व्हर रीस्टार्ट करण्यातला वेळ वाचला असता.

जुन्या ब्राउझरबद्दल. ‘फक्त या एका कामासाठी’ म्हणून ठेवलेला ब्राउझर त्या एका कामापुरता राहत नाही, हे मी पुनःपुन्हा पाहिलंय. डेस्कटॉपवर तो दिसतो, कुणीतरी त्यातच मेल उघडतं. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि त्यातल्या भोकांची यादी सगळ्या जगाला उपलब्ध असते. एजमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर मोड नावाची सोय आहे आणि मोठ्या कार्यालयांसाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःच ती एफटीपीकरता सुचवली होती. अगदी आणीबाणीत, आतल्या नेटवर्कवर, आठवडाभरासाठी ठीक. पण तुमचे लोक बाहेरचे आहेत आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचा हुकूम चालत नाही, त्यामुळे तुमच्या कामाची ती नव्हेच.

आता पहिला गट, खुल्या फायली नेणारे. हे सर्वांत सोपं. ज्या फोल्डरमधून एफटीपी सर्व्हर फायली देतो, त्याच फोल्डरमधून वेब सर्व्हरने एचटीटीपीएसवर, म्हणजे कूटबद्ध एचटीटीपीवर, द्यायच्या. फायली हलवायच्या नाहीत, दुसरी प्रत करायची नाही. एन्जिनेक्स या वेब सर्व्हरमध्ये ऑटोइंडेक्स ही सेटिंग चालू केली की पूर्वी दिसायची तशीच साधी यादी दिसते. अपाचेतही तशी सोय आहे. एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. अर्धवट राहिलेलं डाउनलोड पुढे चालू करणं एचटीटीपीलाही येतं, त्यामुळे मोठ्या फायलींसाठी एफटीपीच हवं हा आग्रह धरायचं कारण उरलेलं नाही.

फक्त दोन ठिकाणी जपा. एक, फोल्डर उघडण्याआधी त्यात खरोखर काय काय आहे ते बघा. वर्षानुवर्षं चालू असलेल्या एफटीपीच्या झाडात कुणाच्या तरी बॅकअपच्या फायली, पासवर्ड लिहिलेली एखादी टेक्स्ट फाइल, दुसऱ्या गटाची खासगी फोल्डरं, असं काहीतरी निघतंच. एफटीपीवर ते कुणाच्या नजरेला पडलं नसेल, पण एचटीटीपीएसवर आलं की सर्च इंजिनं ते उचलतील. दोन, जुन्या लिंका. वेबमध्ये जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवता येतं. एफटीपीत तशी सोयच नाही. छापलेल्या पुस्तिकांत, पीडीएफमध्ये, लोकांच्या जुन्या मेलमध्ये अडकलेल्या लिंका मेलेल्याच समजा. म्हणून सर्व्हरचं नाव आणि आतला रस्ता तसाच ठेवा. म्हणजे निदान लिंकच्या सुरुवातीचं एफटीपी खोडून एचटीटीपीएस लिहिलं की फाइल मिळेल, आणि लोकांना ती एकच ओळ सांगून भागेल. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने १ नोव्हेंबर २०१७ ला आपली सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली तेव्हा हेच केलं: सर्व्हरच्या नावाच्या सुरुवातीचं एफटीपी तसंच राहिलं, फायली एचटीटीपीवर मिळत राहिल्या. लिनक्स कर्नलच्या कर्नल डॉट ऑर्गनेही त्याच वर्षी एफटीपी बंद केलं. म्हणजे ब्राउझरांनी हात काढून घेण्याच्या आधीच एफटीपीवरचे मोठे घरमालक बाहेर पडले होते.

दुसरा गट, खाती असलेले लोक. इथे थोडा वेळ देतो, कारण खरा धोका इथेच आहे.

ज्या लिंकमध्ये पासवर्ड घातला होता, ते सगळे पासवर्ड फुटले असं धरून चाला. ते ब्राउझरच्या इतिहासात आहेत, बुकमार्कमध्ये आहेत, पुढे पाठवलेल्या मेलमध्ये आहेत, आणि मधे प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) असेल तर त्याच्या नोंदींतही असू शकतात. नवी व्यवस्था लावताना तेच पासवर्ड तिकडे उचलून नेऊ नका. आणि त्यांतला एखादा पासवर्ड कुणी मेललाही वापरत असेल, तर तो बदलायला आजच सांगा.

नव्या व्यवस्थेसाठी दोन नावं कानावर पडतील, एफटीपीएस आणि एसएफटीपी, आणि त्यांची गल्लत रोज होते. एफटीपीएस म्हणजे जुनंच एफटीपी, वर टीएलएसचं, म्हणजे एचटीटीपीएस वापरतं त्याच कूटबद्धतेचं, आवरण. एसएफटीपीचा जुन्या एफटीपीशी काही संबंध नाही. ते एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर कूटबद्ध लॉगिन करायच्या पद्धतीच्या, आतून चालतं, २२ नंबरच्या एकाच पोर्टवर. मघाचे सहा आकडे आठवा. एफटीपीएसमध्ये दुसऱ्या कनेक्शनची भानगड तशीच राहते, उलट आता संभाषण कूटबद्ध झाल्यामुळे राउटरला ते वाचून पत्ता बदलता येत नाही. मग सर्व्हरवर बाहेरचा पत्ता हाताने लिहा, पॅसिव्हसाठी पोर्टांची एक रांग ठरवा, तेवढी फायरवॉलमध्ये उघडा, असं सगळं करावं लागतं. होतं, पण ते सांभाळणारं माणूस हवं. समोरच्या पक्षाने एफटीपीएसच हवं असं लिहून दिलेलं नसेल, तर माझा कल सरळ एसएफटीपीकडे असतो.

लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएच (एसएसएच आणि एसएफटीपी चालवणारा प्रोग्राम) सहसा असतंच, वेगळं काही बसवायला नको. प्रत्येकाला त्याच्या फोल्डरपुरतं कोंडून ठेवायची सोय त्यात आहे, आणि पहिल्यांदा करणारा हमखास जिथे अडतो ती जागाही तीच आहे. लक्षण असं: पासवर्ड बरोबर आहे, लॉगिन झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याच क्षणी कनेक्शन तुटतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर चरूट डिरेक्टरी’ अशी ओळ दिसते. कारण ज्या फोल्डरमध्ये माणसाला कोंडायचं, ते फोल्डर आणि त्याच्या वरची सगळी फोल्डरं रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याच्या, मालकीची असावी लागतात आणि दुसऱ्या कुणालाही त्यांत लिहायची परवानगी असून चालत नाही. लोक त्या माणसाचंच घर त्याच्या मालकीचं ठेवतात आणि तासन्‌तास पासवर्ड तपासत बसतात. बाहेरचं फोल्डर रूटचं ठेवा, त्याच्या आत ‘फायली’ नावाचं एक फोल्डर करा आणि ते त्या माणसाच्या नावावर करा. झालं.

वापरणाऱ्यांच्या बाजूने विनएससीपी, फाइलझिला किंवा सायबरडक या प्रोग्रामांतलं काहीही चालतं. पहिल्यांदा जोडताना ‘या सर्व्हरची ओळख पटते का’ अशी विचारणा येते. बहुतेक जण ती न वाचता हो म्हणतात, म्हणून सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (त्या विचारणेत दिसणारी, सर्व्हरची ओळख सांगणारी अक्षरांची ओळ) आधीच पत्रातून कळवा आणि तो जुळवून बघायला सांगा. एखाद्याचा प्रोग्राम फार जुना असेल तर जोडणी होणारच नाही: सप्टेंबर २०२१ मधल्या ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ वर आधारलेल्या जुन्या आरएसए सह्या (ओळख पटवायची जुनी, कमकुवत ठरलेली पद्धत) नाकारल्या जातात. अशा वेळी सर्व्हर ढिला करू नका, त्याचा प्रोग्राम नवा करायला सांगा.

आणि ज्यांना ब्राउझरशिवाय काहीच चालवता येत नाही, किंवा कार्यालयात नवा प्रोग्राम बसवायची परवानगीच नाही, अशांचं काय? त्यांना एसएफटीपी शिकवण्यात हशील नाही. त्यांच्यासाठी नेक्स्टक्लाउडसारखं काहीतरी लावा, जिथे ब्राउझरमधूनच लॉगिन होतं आणि फायली टाकता-घेता येतात. एका माणसाला महिन्यातून एक फाइल द्यायची असेल, तर मुदत असलेली एक लिंक पाठवून भागतं. तुमच्याकडे असे किती जण आहेत त्यावर हे ठरेल.

तिसरा गट म्हणजे यंत्र. ब्राउझरने काय सोडलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, ते आजही फायली टाकत असणार. त्याच्या मेनूत एसएफटीपी असेल तर तेच निवडा. बहुधा नसेल, आणि त्यासाठी नवं यंत्र घ्या असं मी सांगणार नाही. एफटीपी त्याच्यापुरतं राहू द्या, पण कुंपणात. यंत्र आणि एक छोटा सर्व्हर वेगळ्या आतल्या नेटवर्कवर, बाहेरून तिथे वाट नाही. यंत्राला स्वतःचं खातं, त्या खात्याला फक्त टाकायची परवानगी, बघायची किंवा पुसायची नाही. तिथून एक स्क्रिप्ट त्या फायली मुख्य जागी नेईल.

ही स्क्रिप्ट लिहिताना एक गोष्ट पाहा. फाइल अजून येत असतानाच स्क्रिप्टने ती उचलली तर अर्धीच फाइल पुढे जाते, आणि एफटीपी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. यंत्राला जमत असेल तर फाइल आधी तात्पुरत्या नावाने टाकून पूर्ण झाल्यावर नाव बदलायला लावा, आणि स्क्रिप्टला फक्त बदललेल्या नावाच्या फायली उचलू द्या. जमत नसेल तर फाइलचा आकार काही मिनिटं स्थिर राहिला तरच उचला. शिवाय फायली बायनरी, म्हणजे जशाच्या तशा नेणाऱ्या, पद्धतीने येताहेत ना, ते पाहा. ॲस्की, म्हणजे मजकुरासाठीच्या, पद्धतीत ओळींच्या शेवटची चिन्हं बदलली जातात. साध्या मजकुराला त्याने फरक पडत नाही, पण झिप किंवा चित्राची फाइल खराब होते.

सुरुवात कुठून करायची? सर्व्हरच्या लॉगपासून. हे तीन गट मी तुमच्या वर्णनावरून पाडले आहेत, खरे किती आणि कोणते ते लॉगच सांगेल. बरेचसे एफटीपी सर्व्हर एक्सफरलॉग नावाच्या पद्धतीने नोंद ठेवतात: दर फाइलमागे एक ओळ, तीत वेळ, समोरचा पत्ता, आकार, फाइलचं नाव, मग काही एकेक अक्षरं. अक्षर ‘ओ’ असेल तर फाइल बाहेर गेली, ‘आय’ असेल तर आत आली. पुढे ‘ए’ असेल तर अनामिक पाहुणा, ‘आर’ असेल तर खातेदार. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं आकार आणि नाव यांच्या लगेच पुढे दिसली तर ती पद्धत सांगतात, ॲस्की की बायनरी. म्हणजे यंत्राचा तो प्रश्नही इथेच सुटतो. अनामिक पाहुण्याने पासवर्ड म्हणून जे दिलं ते नावाच्या जागी नोंदलेलं असतं. क्रोम तिथे ‘क्रोम ॲट एक्झाम्पल डॉट कॉम’ असं देत असे, फायरफॉक्स ‘मोझिला ॲट एक्झाम्पल डॉट कॉम’. २०२० मधल्या नोंदी शिल्लक असतील तर ब्राउझरने येणारे किती होते ते थेट मोजता येईल. ते कमीच निघाले तर नेक्स्टक्लाउडचा खटाटोपही कदाचित टळेल.

लॉग वाचून झाला की एफटीपी बंद न करता एचटीटीपीएस आणि एसएफटीपी शेजारी उभं करा. वेबसाइटवरच्या लिंका त्याच दिवशी बदला, कारण त्या तशाही मेल्या आहेत. एफटीपीच्या स्वागताच्या ओळीत नवा पत्ता आणि बंद होण्याची तारीख लिहा. स्वयंचलित स्क्रिप्टा ते वाचत नाहीत, म्हणून लॉगमध्ये जे पत्ते ठराविक वेळी नेमाने दिसतात त्यांच्या मालकांना स्वतः फोन करा. तारीख किती लांबची द्यायची हे तुमच्या लोकांवर आहे. वर्षातून एकदाच येणारा कुणी असेल, तर त्याची वेळ एकदा येऊन जाऊ द्या.

मग बाहेरच्या फायरवॉलमध्ये २१ नंबरचा पोर्ट बंद करा, आणि पॅसिव्हसाठी उघडलेली पोर्टांची रांगही, ती विसरली जाते. बंद झालं का हे कार्यालयात बसून तपासू नका, मोबाइलच्या डेटावरून तपासा, आणि सर्व्हरला आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या प्रकारचा आयपी, पत्ता असेल तर त्यावरूनही. आयपीव्ही४ वर नियम लावला आणि आयपीव्ही६ वर दार सताड उघडं, हा प्रकार मला अजूनही नियमित दिसतो. सर्व्हरवर कोणता एफटीपी प्रोग्राम आहे आणि यंत्राच्या नेटवर्क मेनूत कोणते पर्याय दिसतात एवढं कळवलंत, तर नेमक्या ओळी लिहून देतो.